१६०० लिहिलंय, १३३३ दिसतंय

२०११ सालचा एखादा लॅपटॉप घ्या. आत इंटेलचा आय५-२४१०एम प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि नंतर कधीतरी चढवलेलं विंडोज १०. धाकट्या बहिणीच्या ऑनलाइन क्लासला तो अजून लागतो, पण ब्राउझरचे पाच टॅब उघडले की हातपाय गाळतो. मग पैसे जमवून ८ जीबीची स्टिक आणली जाते आणि खालचं झाकण काढून रिकाम्या स्लॉटमध्ये बसवली जाते. लॅपटॉप चालू होतो, १२ जीबी दिसतात, सगळे खूश. तेवढ्यात कोणाला तरी टास्क मॅनेजरमधलं ‘स्पीड’ बघायची हुक्की येते. स्टिकवर छापलंय १६००, स्क्रीनवर १३३३. खात्री करायला सीपीयू-झेड उघडावं, तर तिथे जेमतेम ६६५.

पहिला संशय दुकानदारावर जातो. स्टिक लॅमिंग्टन रोडवरून घासाघीस करून आणलेली असेल तर जास्तच. पण हे तिन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात. ते तीन का झाले, ही गोष्ट तीसेक वर्षांची आहे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत रॅमच्या चिपवर ६० किंवा ७० असा आकडा असायचा. हे होते नॅनोसेकंद. मेमरीकडे एखादी गोष्ट मागितल्यापासून ती हातात पडेपर्यंत किती वेळ जाईल, ते हा आकडा सांगायचा. म्हणजे आकडा जितका लहान, तितकी मेमरी चांगली. गिऱ्हाइकाला इतकी सरळ माहिती देणारं लेबल पुन्हा कधी आलं नाही.

मग एसडीआरएएम आली. ही मेमरी मदरबोर्डच्या घड्याळाच्या ठोक्यावर चालायची, त्यामुळे लेबलवर ठोके आले. १९९८ मध्ये इंटेलचा ४४०बीएक्स चिपसेट १०० मेगाहर्ट्झवर चालू लागला, तेव्हा ६६ मेगाहर्ट्झसाठी बनवलेल्या बऱ्याच स्टिक त्या वेगाला टिकेनात. कोणती स्टिक खरंच १००ची, हे नुसतं बघून कळायला मार्ग नव्हता. इंटेलने ‘पीसी१००’ नावाची कडक नियमावली काढली. तिच्यात एक अट होती: स्टिकवर एक इवलीशी वेगळी चिप हवी आणि त्या स्टिकची कुंडली तिच्यात लिहिलेली हवी. कोणत्या वेगाला किती ठोके थांबायचं, क्षमता किती, ते सगळं. तिला एसपीडी म्हणतात. आज लॅपटॉप चालू होताना बायोस सगळ्यात आधी करतो त्या कामांपैकी एक म्हणजे ही कुंडली वाचणं.

२००० साली डीडीआर मेमरीचं प्रमाण ठरलं. डीडीआर म्हणजे घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा माहिती पाठवणं. ठोके १३३ मेगाहर्ट्झचे असले तरी नाव डीडीआर-२६६. बाजारात तेव्हा रॅम्बस कंपनीची महागडी मेमरी ‘पीसी८००’ नावाने विकली जात होती. ८०० च्या शेजारी २६६ दुकानाच्या काचेत कसं दिसलं असतं, ते सांगायला नको. डीडीआरच्या स्टिकवर मग ‘पीसी२१००’ आलं, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त किती मेगाबाइट वाहून नेता येतील तो आकडा. तेव्हापासून एकाच स्टिकची तीन नावं झाली: खरे ठोके, त्यांची दुप्पट आणि मेगाबाइट. आपल्या गोष्टीतली नवी स्टिक ८०० मेगाहर्ट्झची, डीडीआर३-१६००ची आणि पीसी३-१२८००ची आहे.

लॅपटॉपमध्ये काय झालं ते आता उलगडतं. आय५-२४१०एमच्या पोटातच मेमरी कंट्रोलर आहे आणि तो १३३३ च्या पुढे जात नाही. जुनी ४ जीबीची स्टिकही १३३३ची. बायोसने दोघींच्या कुंडल्या वाचल्या, कंट्रोलरची मर्यादा पाहिली आणि सगळ्यांना झेपेल तो वेग लावला. ६६५ हे त्याच १३३३ च्या निम्म्याच्या आसपासचे खरे ठोके. दुकानदार निर्दोष.

पण आपण गमावलं किती? इथे मला या सगळ्या लेबलांचा राग येतो, कारण जो आकडा महत्त्वाचा तो त्यांनी मागे ढकलला. १६०० च्या स्टिकला नेमून दिलेल्या ओळीतून माहिती काढायला साधारण ११ ठोके लागतात. ८०० मेगाहर्ट्झचा एक ठोका १.२५ नॅनोसेकंदांचा, म्हणजे झाले १३.७५ नॅनोसेकंद. तीच स्टिक १३३३ वर चालवली की बहुतेक वेळा ९ ठोक्यांत काम होतं. ठोका १.५ नॅनोसेकंदांचा, म्हणजे १३.५. ‘मंदावलेली’ स्टिक किंचित लवकर उत्तर देते! आणि आजच्या लॅपटॉपमधली २२ ठोक्यांची डीडीआर४-३२००? पुन्हा १३.७५.

याचं मूळ १९६६ मध्ये आहे. तेव्हा एक बिट साठवायला सहा ट्रान्झिस्टर लागत. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांनी ते काम एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर यांच्यावर आणलं. पेटंट मिळालं १९६८ मध्ये. कपॅसिटर म्हणजे विजेचं चिमुकलं भांडं. भरलेलं असेल तर १, रिकामं असेल तर ०. रचना इतकी साधी की एका चिपवर अशी अब्जावधी भांडी मावतात, म्हणून तर रॅम आपल्याला परवडते. पण भांडं गळकं आहे. आजच्या मेमरीत साधारण दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक भांडं पुन्हा भरावं लागतं. शिवाय वाचायला गेलं की ते रिकामं होतं, आतला क्षीण प्रवाह ओळखावा लागतो, मोठा करावा लागतो आणि परत ओतावा लागतो. या ओळखण्याला वेळ लागतो तो लागतोच. भांडी लहान आणि स्वस्त करण्यावर कारखान्यांनी सगळी अक्कल खर्च केली, वेळ फारसा कमी झाला नाही.

मग आकडे वाढले कसे? डीडीआर-४००, डीडीआर२-८०० आणि डीडीआर३-१६०० या तिन्हींच्या आतला गाभा २०० मेगाहर्ट्झवरच चालतो. पहिली एका खेपेला दोन घास आणते, दुसरी चार, तिसरी आठ. खेपेचा वेळ तोच.

१९९५ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातले विल्यम वुल्फ आणि सॅली मकी यांनी एका छोट्या निबंधात हा धोका मांडला: प्रोसेसर असेच वेगवान होत राहिले तर एक दिवस त्यांचा सगळा वेळ मेमरीची वाट बघण्यात जाईल. त्यांनी याला ‘मेमरी वॉल’ म्हटलं. प्रोसेसर बनवणाऱ्यांनी या भिंतीपाशी कॅशचे थर रचले. आय५-२४१०एममध्येही ३ एमबी कॅश आहे आणि रोजच्या वापरातल्या बहुतेक मागण्या रॅमपर्यंत पोचतच नाहीत. म्हणून १३३३ की १६०० याने ब्राउझरमध्ये फरक जाणवणार नाही. गेम खेळताना थोडा जाणवेल, कारण त्या लॅपटॉपचं ग्राफिक्स रॅममधूनच वाटा घेतं.

खरा फायदा १२ या आकड्यात आहे. ४ जीबी संपले की विंडोज उरलेलं सामान हार्ड डिस्कवर ठेवायला लागतं. फिरत्या डिस्कला एक जागा शोधायला साधारण १० मिलिसेकंद लागतात. म्हणजे १ कोटी नॅनोसेकंद. इथे १३ की १४ कोण मोजतंय? रॅम वाढवूनही लॅपटॉप रेंगाळत असेल तर पुढचे पैसे एसएसडीत घालावेत, जास्त आकड्याच्या स्टिकमध्ये नाही.

तरीही तपासणी करावीच. स्क्रीनवर १३३३ ऐवजी १०६६ दिसलं तर बॅटरी काढून, जुनी स्टिक बाजूला ठेवून, नवी एकटीच चालवून बघा. आकडा १३३३ वर गेला तर जुनीच हळू होती. लॅपटॉप सुरूच झाला नाही तर व्होल्टेज बघा: २०१३ नंतरच्या बऱ्याच लॅपटॉपना १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते, १.५ व्होल्टची साधी डीडीआर३ ते घेत नाहीत. मधूनच निळा पडदा येत असेल तर मेमटेस्ट रात्रभर चालवा. आणि सीपीयू-झेडच्या एसपीडी टॅबमध्ये स्लॉट बदलून नव्या स्टिकची कुंडली उघडा. ‘मॅक्स बँडविड्थ’पुढे पीसी३-१२८०० आणि ८०० मेगाहर्ट्झ असेल तर स्टिक सांगितल्याप्रमाणेच आहे. तिथे पीसी३-१०७०० दिसलं, तर बिल घेऊन दुकान गाठा.