गडचिरोली जिल्ह्यातील सामूहिक वनहक्क चळवळ

गडचिरोली जिल्ह्यातील सामूहिक वनहक्क चळवळ ही गावाच्या परंपरागत सीमेतील जंगलाचा वापर, संरक्षण, व्यवस्थापन आणि तेथील वनोपजाची विक्री यांविषयीचे निर्णय ग्रामसभेने घ्यावेत, या मागणीसाठी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभी राहिलेली चळवळ आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे तिचे सर्वाधिक परिचित गाव होय. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही या गावाची घोषणा चळवळीची ओळख बनली. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६ अन्वये सामूहिक हक्क मिळवणारे मेंढा (लेखा) हे देशातील पहिल्या गावांपैकी एक आहे. जंगलावर राज्यसंस्थेची सत्ता किती व गावाची किती, हा या चळवळीचा मध्यवर्ती प्रश्न असून त्याविषयी विविध डाव्या विचारप्रवाहांनी परस्परांहून भिन्न भूमिका घेतल्या आहेत.

पार्श्वभूमी

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. जिल्ह्याचा सुमारे तीन चतुर्थांश भूभाग वनाच्छादित असून गोंड, माडिया, कोलाम, हलबा आदी समाजांची येथे वस्ती आहे. ब्रिटिश राजवटीत हा प्रदेश मध्य प्रांतातील चांदा जिल्ह्यात मोडत असे आणि त्याचा मोठा भाग जमीनदारांच्या ताब्यात होता. १८५८ मध्ये बाबूराव शेडमाके यांनी ब्रिटिशांविरुद्ध उठाव केला. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला त्यांना चांदा येथे फाशी देण्यात आली.

जमीनदारीच्या काळात घरबांधणीचे लाकूड, सरपण, चराई व रानातील फळेमुळे यांसाठी गावकऱ्यांना ज्या सवलती होत्या, त्यांना ‘निस्तार’ म्हणत. मध्य प्रदेश राज्याने १९५० मध्ये कायदा करून जमीनदारी व मालगुजारी संपुष्टात आणली. त्यानंतर ही जंगले शासनाच्या मालकीची झाली आणि राखीव किंवा संरक्षित वने म्हणून वनखात्याच्या अखत्यारीत गेली. निस्तार हक्कांची नोंद कागदोपत्री झाली असली, तरी जंगलाविषयीचा निर्णय गावाकडे राहिला नाही. पिढ्यान्‌पिढ्या जे ‘हक्क’ मानले गेले, ते खात्याच्या दप्तरी ‘सवलत’ ठरले.

तेंदूपाने व बांबू ही येथील दोन प्रमुख वनोपजे. तेंदूपानांचा व्यापार महाराष्ट्र वनोपज (व्यापार नियमन) अधिनियम, १९६९ अन्वये शासनाच्या नियंत्रणाखाली आला. मे महिन्याच्या हंगामात पाने तोडून त्यांची पुडकी बांधणाऱ्या कुटुंबांना केवळ मजुरी मिळत असे. बांबूची वने दीर्घ मुदतीच्या कराराने कागद उद्योगासाठी उपलब्ध करून देण्यात आली. चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूर येथील कागद कारखाना हा त्याचा प्रमुख ग्राहक होता. त्याच बांबूपासून टोपल्या व सुपे विणणारे बुरड कारागीर आणि कुंपण-छपरासाठी तो वापरणारे शेतकरी मात्र खात्याच्या परवानगीवर अवलंबून राहिले.

मेंढा (लेखा)

मेंढा हे गडचिरोलीपासून सुमारे ३० किलोमीटरवरील गोंड वस्तीचे छोटे गाव आहे. शेजारच्या लेखा या गावावरून त्याचा उल्लेख मेंढा (लेखा) असा केला जातो. गोदावरी व इंद्रावती या नद्यांवरील इंचमपल्ली व भोपालपट्टनम या प्रस्तावित धरणांच्या विरोधात १९८४ च्या सुमारास ‘जंगल बचाव – मानव बचाव’ आंदोलन झाले. लालश्याम शाह व बाबा आमटे हे त्याचे प्रमुख नेते होते. या आंदोलनात गावागावांतून जो संवाद झाला, त्यातून मेंढ्यातील स्वशासनाच्या प्रयोगास चालना मिळाली. गावातील देवाजी तोफा आणि ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांनी या प्रयोगात महत्त्वाची भूमिका बजावली.

येथील ग्रामसभेची दोन वैशिष्ट्ये सांगितली जातात. पहिले, निर्णय बहुमताने न होता सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असल्यास विषय पुढील बैठकीसाठी राखून ठेवला जातो. दुसरे, निर्णयापूर्वी विषयाचा अभ्यास करण्यासाठी स्वतंत्र अभ्यासगट भरतो. अभ्यासगटात बाहेरचे लोकही येऊ शकतात, परंतु निर्णय केवळ ग्रामसभा घेते. कागद कारखान्यासाठी होणाऱ्या बांबूतोडीस ग्रामसभेने १९९० च्या दशकात विरोध केला. त्या वेळी तिच्यापाशी कायद्याचे बळ नव्हते, गावाचा एकमुखी निर्णय एवढेच साधन होते.

२०१३ मध्ये गावकऱ्यांनी महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम, १९६४ चा आधार घेऊन आपल्या खासगी शेतजमिनीही ग्रामसभेच्या स्वाधीन करण्याचा निर्णय घेतला.

कायदा आणि बांबूची व्याख्या

भारतीय वन अधिनियम, १९२७ मधील ‘वृक्ष’ या संज्ञेत बांबूचा समावेश होता. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे गवत आहे, परंतु कायद्याने तो वृक्ष ठरल्यामुळे त्याची तोड व वाहतूक इमारती लाकडाप्रमाणे वनखात्याच्या परवानगीशिवाय करता येत नसे. २००६ च्या वनहक्क कायद्याने मात्र ‘गौण वनोपज’ या संज्ञेत बांबूचा स्पष्ट समावेश केला आणि गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क वननिवासींना दिला. त्यामुळे बांबू हा एकाच वेळी एका कायद्याने वृक्ष आणि दुसऱ्या कायद्याने गौण वनोपज ठरला. तो वृक्ष मानल्यास त्यावर खात्याची सत्ता राहत होती, वनोपज मानल्यास ग्रामसभेची.

मेंढा (लेखा) ग्रामसभेस सुमारे १,८०० हेक्टर वनक्षेत्रावरील सामूहिक हक्क २००९ मध्ये मान्य झाला. याच सुमारास धानोरा तालुक्यातील मर्दा या गावासही असा हक्क मिळाला.

वाहतूक परवान्याचा प्रश्न

हक्क मान्य झाल्यावरही बांबूची विक्री सुरू होऊ शकली नाही. तोडलेला माल गावाबाहेर नेण्यासाठी वाहतूक परवाना लागतो आणि तो देण्याचा अधिकार वनखात्याकडेच होता. गावाला मालकी होती, परंतु माल नाक्यापलीकडे नेता येत नव्हता. ग्रामसभेने परवान्याची मागणी लावून धरली.

२१ मार्च २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वन राज्यमंत्री (स्वतंत्र प्रभार) जयराम रमेश यांनी सर्व मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबूस गौण वनोपज मानावे असे कळवले. २७ एप्रिल २०११ रोजी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत मेंढा येथे वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन करण्यात आले. त्यानंतर ग्रामसभेने स्वतः बांबूची विक्री केली आणि त्यातून गावाला पहिल्यांदाच मोठे सामूहिक उत्पन्न मिळाले. ६ सप्टेंबर २०१२ रोजी वनहक्क नियमांत दुरुस्ती झाली. तीनुसार ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने प्राधिकृत केलेली व्यक्ती परवाना देऊ शकते, ही तरतूद देशभर लागू झाली.

केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये अध्यादेशाद्वारे व पुढे कायद्याद्वारे वनेतर क्षेत्रातील बांबू ‘वृक्ष’ या संज्ञेतून वगळला. वनक्षेत्रातील बांबूस ही दुरुस्ती लागू नाही. तेथील ग्रामसभांचा हक्क आजही २००६ च्या कायद्यावरच आधारलेला आहे.

चळवळीचा विस्तार

पुढील काळात गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून अधिक ग्रामसभांचे सामूहिक हक्क मान्य झाले. कोरची तालुक्यातील सुमारे ९० ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा स्थापन केली व तीत स्त्रियांच्या सहभागावर भर दिला. पंचायत विस्तार अधिनियम, १९९६ (पेसा) आणि त्याखालील महाराष्ट्राचे २०१४ चे नियम यांच्या आधारे अनेक ग्रामसभा तेंदूपानांचा लिलाव स्वतः करू लागल्या.

चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यात असलेल्या पाचगावास २०१२ मध्ये सुमारे १,००० हेक्टर जंगलावर हक्क मिळाला. तेथील ग्रामसभेने बांबूविक्री सुरू केली, मात्र तेंदूपानांची तोड बंद ठेवली. पानांसाठी फांद्या छाटल्या जातात व आगी लावल्या जातात, आणि तेंदूची फळे माणसांना व पक्ष्यांना मिळत नाहीत, असे कारण त्यामागे देण्यात आले. उत्पन्न देणारे वनोपज गावाने स्वेच्छेने सोडून दिल्याचे हे उदाहरण आहे.

डाव्या विचारप्रवाहांच्या भूमिका

सशस्त्र माओवादी प्रवाह : १९८० मध्ये स्थापन झालेल्या पीपल्स वॉर ग्रुपची दले त्याच वर्षी या भागात आली. तेंदूपाने व बांबूतोडीचे मजुरीदर आणि वनकर्मचाऱ्यांकडून होणारी पिळवणूक या प्रश्नांवर त्यांनी जम बसवला. २००४ मध्ये हा गट भारतीय कम्युनिस्ट पक्षात (माओवादी) विलीन झाला. राज्यसंस्था हे शासक वर्गाचे साधन असून ती सशस्त्र मार्गाने उलथवल्याशिवाय जंगलावर लोकांची सत्ता येणार नाही, अशी या प्रवाहाची मांडणी आहे. या संघर्षात पोलीस, माओवादी आणि खबरी असल्याच्या संशयावरून मारले गेलेले ग्रामस्थ, असे तिन्ही बाजूंनी मोठे बळी गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये पक्षाचे ज्येष्ठ नेते मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यांनी सुमारे ६० सहकाऱ्यांसह गडचिरोलीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर शस्त्रे खाली ठेवली.

संसदीय डावे पक्ष : भारतीय कम्युनिस्ट पक्ष व भारतीय कम्युनिस्ट पक्ष (मार्क्सवादी) यांनी कायदा व जनआंदोलन हा मार्ग स्वीकारला. २००६ चा कायदा संमत झाला तेव्हा केंद्रातील सरकार डाव्या पक्षांच्या बाहेरील पाठिंब्यावर अवलंबून होते आणि या पक्षांनी कायद्याचा आग्रह धरला होता. मार्च २०१८ मध्ये अखिल भारतीय किसान सभेने काढलेल्या नाशिक–मुंबई मोर्चाची प्रमुख मागणी वनहक्कांची अंमलबजावणी हीच होती. तेथे भर कसत असलेल्या वनजमिनीच्या वैयक्तिक दाव्यांवर होता, तर गडचिरोलीत तो सामूहिक हक्कांवर राहिला.

समाजवादी व सर्वोदयी प्रवाह : जयप्रकाश नारायण यांची संपूर्ण क्रांती आणि विनोबा भावे यांचे ग्रामदान यांतून प्रेरणा घेणारा हा प्रवाह मार्क्सवादी नाही. सत्ता ताब्यात घेण्याऐवजी ती गावपातळीवर विसर्जित करावी, असे तो मानतो. मेंढ्याचा प्रयोग प्रामुख्याने याच विचाराशी जोडला जातो. शासनाचाच कायदा वाचून, त्यातील शब्दांवर बोट ठेवून शासनाची सत्ता मर्यादित करणे, ही त्याची पद्धत राहिली.

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले. कडव्या डाव्या संघटनांच्या बेकायदेशीर कृतींना आळा घालणे, हा त्याचा घोषित हेतू आहे. नक्षलवादाचे शहरी जाळे रोखण्यासाठी ते आवश्यक असल्याचे शासनाने सांगितले. व्याख्या संदिग्ध असल्याने सनदशीर आंदोलनांवरही त्याचा वापर होऊ शकतो, असा आक्षेप डाव्या पक्षांनी व नागरी हक्क संघटनांनी घेतला.

खाणी व ग्रामसभेची संमती

एटापल्ली तालुक्यातील सुरजागड टेकडीवर लोहखनिजाचे साठे आहेत. तेथील सुमारे ३४८ हेक्टर क्षेत्र २००७ मध्ये खाणकामासाठी भाडेपट्ट्याने देण्यात आले. परिसरातील माडिया समाजासाठी ही टेकडी ठाकूरदेवाचे स्थान असून तेथे दरवर्षी जानेवारीत यात्रा भरते. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी येथील वाहने जाळली. याउलट २०२३ मध्ये तोडगट्टा येथे ग्रामस्थांनी खाणविरोधी धरणे शांततेच्या मार्गाने अनेक महिने चालवले. रोजगार, रस्ते व पोलादनिर्मिती यांमुळे जिल्ह्याचा विकास होईल, ही शासनाची भूमिका आहे.

वनजमीन अन्य कामासाठी वळवण्यापूर्वी ग्रामसभेची संमती घ्यावी, असे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ३ ऑगस्ट २००९ च्या परिपत्रकाद्वारे कळवले होते. ओडिशातील नियमगिरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी निर्णय ग्रामसभांकडे सोपवला. मात्र २०२२ चे वनसंवर्धन नियम आणि २०२३ ची वनसंवर्धन कायद्यातील दुरुस्ती यांमुळे या संमतीचे महत्त्व घटल्याची टीका डाव्या पक्षांनी व आदिवासी संघटनांनी केली आहे. जमिनीवरील बांबूचा हक्क ग्रामसभेकडे आला, तरी जमिनीखालील खनिजाच्या बाबतीत तिचा शब्द कितपत चालतो, हा प्रश्न अनिर्णित आहे.

मर्यादा व टीका

चळवळीच्या काही मर्यादाही नोंदवल्या जातात. वनोपजाचे मोठे व्यवहार करताना हिशेब, कर व लेखापरीक्षण यांचा भार ग्रामसभांवर पडतो आणि बाजारभाव घसरल्यास किंवा कंत्राटदाराने रक्कम थकवल्यास त्यांची कोंडी होते. मेंढ्यासारखी सर्वसहमती लहान व एकजिनसी गावात शक्य झाली. मिश्र वस्तीच्या मोठ्या गावांत ती साधणे कठीण ठरते. ज्या गावांना बांबूचे जंगल नाही, त्यांना हक्क मिळूनही उत्पन्न अल्प असते. वन्यजीव संरक्षकांच्या काही संस्थांनी २००६ च्या कायद्यालाच सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी न्यायालयाने दावे फेटाळल्या गेलेल्या वननिवासींना हटवण्याचा आदेश दिला व २८ फेब्रुवारीस त्यास स्थगिती दिली.

या मर्यादा असूनही, शासनाची परवानगी मागणाऱ्या गावापासून स्वतः परवाना देणाऱ्या ग्रामसभेपर्यंतचा बदल ही या चळवळीची प्रमुख उपलब्धी मानली जाते.