उजेडाने उठवलेली वेधशाळा

हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींना निजामी राजवटीचा इतिहास म्हटला की रझाकार आणि 1948 चे पोलीस अ‍ॅक्शन एवढेच आठवते. त्याच राजवटीत या शहराने साऱ्या आकाशाचा नकाशा काढण्याच्या कामात हात घातला होता, ही हकीकत फारशी कुणी सांगत नाही. ती सांगण्यासारखी आहे, कारण तिचा शेवट आपणा सर्वांच्या घरावरच्या आकाशाशी येऊन भिडतो.

नवाब जफर जंग या हौशी सरदाराने इंग्लंडहून 15 इंची दुर्बीण आणवली आणि 1901 मध्ये फिसलबंडा येथील आपल्या जागेत वेधशाळा उभारली. 1907 मध्ये ते वारले. पुढल्याच वर्षी सरकारने ती ताब्यात घेतली आणि तिचे बस्तान बेगमपेठेत हलवले. त्या काळी ती जागा गावाबाहेरची, रात्री मिट्ट काळोखाची!

1887 मध्ये पॅरिसला ठरले होते की जगातल्या वेधशाळांनी आकाश वाटून घ्यावे आणि छायाचित्रे घेऊन ताऱ्यांची यादी करावी. हैदराबादच्या वाट्याला दक्षिण आकाशातील 17 ते 23 अंशांचा पट्टा आला. आधी पॉकॉक आणि 1918 नंतर टी. पी. भास्करन यांच्या देखरेखीखाली हे काम वर्षानुवर्षे चालले. बारा खंडांत सुमारे आठ लाख ताऱ्यांच्या जागा छापल्या गेल्या. 1919 पासून वेधशाळा उस्मानिया विद्यापीठाकडे आली. याच वेधशाळेत नोकरीस असलेल्या गृहस्थांचे चिरंजीव म्हणजे थोर खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पू.

पण गाव वाढले. रस्त्यावर दिवे आले, त्यांचा उजेड हवेतल्या धुळीवर विखरून आकाशच उजळू लागले. मंद तारा काचेवर उमटायला बराच वेळ लागतो. तेवढ्यात आकाशाच्या उजेडानेच काच काळवंडली, तर तारा दिसायचा कसा? अखेर नव्या 48 इंची दुर्बिणीसाठी पन्नासेक किलोमीटरवरचे जपाल-रंगापूर निवडावे लागले. 1968 मध्ये ती तेथे बसली. 16 फेब्रुवारी 1980 चे खग्रास सूर्यग्रहण अभ्यासायला शास्त्रज्ञ तेथेच जमले होते. ती सावली कारवार-अंकोल्याच्या किनाऱ्यावरून, हुबळी-रायचूरच्या बाजूने आली होती. सीमाभागातल्या वडीलधाऱ्यांना ती भरदुपारची सांज अजून आठवत असेल.

बाप्पूंनीही मोठ्या दुर्बिणीसाठी तमिळनाडूतील जवादी डोंगरातले कावलूर निवडले. पुण्याच्या ‘आयुका’ने जुन्नरजवळ गिरवली गाठली. हानले तर लडाखात 4,500 मीटरवर! अंधार शोधत विज्ञान असे वनवासाला निघाले आहे. पण शास्त्रज्ञ निदान डोंगर चढून जातील. आपण घरे घेऊन कुठे जाणार?

आम्ही घरात ‘मृग’ म्हणतो, शेजारचे तेलुगू कुटुंब ‘मृगशिर कार्ते’ म्हणते. नक्षत्र एकच. दोन्ही घरांतली मुले पावसामुळे ते नाव ओळखतात. हिवाळ्यातल्या रात्री ते आकाशात दाखवा म्हटले तर दोघेही गप्प. भाषा टिकावी म्हणून आपण शाळा आणि ग्रंथालये चालवतो. पण त्या शब्दांना ज्याने अर्थ दिला, ते आकाशच पुसले जात असेल तर?

इलाज अवघड नाही. दिव्याला वरून झाकण घालावे, उजेड खाली पाडावा, गरज संपली की दिवा मालवावा. हानलेच्या परिसराला 2022 मध्ये राखीव काळोखाचा दर्जा मिळाला. 2024 मध्ये महाराष्ट्रातील पेंचच्या जंगलालाही गडद आकाशाचे उद्यान म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी तेथल्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलले गेले. खेड्यांना जमले ते आपल्या नगरपालिकांना, आपल्या गच्च्यांना का जमू नये?

दिवाळी अमावास्येला येते, हे पूर्वजांनी उगाच ठरवले नसावे. यंदा पणत्या जरूर लावा. मात्र मध्यरात्री गच्चीवरचा मोठा दिवा मालवून मुलांना वर न्या आणि कृत्तिका दाखवा.