प्रेक्षक आणि दिग्दर्शक : एका भेटीचा इतिहास

कोणत्याही कलेचा इतिहास लिहिताना कलावंतांची चरित्रे आणि कलाकृतींच्या याद्या यांनाच मानाचे पान मिळते. ती कलाकृती ज्यांनी पाहिली ते कोठे हसले, कोठे गहिवरले, याची नोंद क्वचितच कोणी ठेवतो. मराठी चित्रपटाच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. २०२० व २०२१ या महामारीच्या वर्षांत घरात अडकलेल्या प्रेक्षकाला, संगणकाच्या पडद्यावर चित्रपट संपताच, खुद्द दिग्दर्शकाशी बोलण्याची संधी मिळाली. घटना अगदी अलीकडची. परंतु तिचे धागे फार मागे जातात. ते उलगडून पाहावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आपल्या रंगभूमीवर नाटककार आणि प्रेक्षक यांत फारसे अंतर नव्हते. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ पुण्यात रंगमंचावर आले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. पद आवडले की ‘वन्स मोअर’ची आरोळी उठे आणि नटाला ते पुन्हा म्हणावे लागे. प्रेक्षकाचा अभिप्राय प्रयोगाचाच एक भाग होता. चित्रपट आला आणि हा संवाद खुंटला. पडद्यावरील नटाला टाळी ऐकू येत नाही, आणि चित्र तयार करणारा तर खेळाच्या वेळी शेकडो मैल दूर असतो.

दादासाहेब फाळक्यांना या अंतराची जाणीव होती, असे त्यांच्या कामावरून दिसते. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमात लोकांसमोर आला. पुढे सुरतेस पहिल्या खेळाला अवघे तीन रुपये जमले, असे सांगतात. तेव्हा थोडक्या आण्यांत सत्तावन्न हजार छायाचित्रे पाहावयास मिळतील, अशी जाहिरात फाळक्यांनी केली आणि गर्दी लोटली. १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक हात जोडीत, अशीही हकीकत आहे. त्याच सुमारास फाळक्यांनी चित्रपट कसे तयार होतात हे दाखविणारी एक छोटी फिल्म काढली. तीत ते स्वतः दिग्दर्शन करताना दिसतात. प्रेक्षकापुढे दिग्दर्शकाने स्वतः उभे राहण्याचा आपल्याकडील हा फार जुना प्रयत्न म्हणावा लागेल.

प्रेक्षकाचे मत विचारण्याचे काम पुढे सरकारनेही केले. १९२७ साली दिवाण बहादूर टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपटविषयक समिती नेमण्यात आली. मुंबई, मद्रास, कलकत्ता, लाहोर, रंगून अशा शहरांतून तिने ३५३ साक्षीदारांचे म्हणणे ऐकले. फाळक्यांनीही आपले विचार तिच्यापुढे मांडले. सरकारी कागदांत सारे आयुष्य गेलेल्या आम्हांस येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. तो व्यवहार दप्तरात जपला गेला, म्हणूनच त्या काळचा प्रेक्षक आज आपल्याला थोडाबहुत दिसतो.

प्रभातच्या ‘संत तुकाराम’ने १९३६ पासून मुंबईच्या सेंट्रल सिनेमात सत्तावन्न आठवडे मुक्काम केला आणि विष्णुपंत पागनिसांच्या ठायी लोक तुकोबांनाच पाहू लागले. या भक्तिभावाला चिकित्सेची जोड मिळाली ती फिल्म सोसायट्यांमुळे. मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ आणि बंगळूरला १९७१ साली सुचित्रा फिल्म सोसायटी सुरू झाली. खेळ संपल्यावर लगेच घरी न जाता चर्चेला थांबावे, जमल्यास दिग्दर्शकाला बोलवावे, ही शिस्त अशा संस्थांनी लावली. पुढे २००४ साली संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ची ऑस्करसाठी निवड झाली, तेव्हा प्रचाराच्या खर्चाकरिता सामान्य लोकांनी, शाळकरी मुलांनीसुद्धा, पैसे दिले. अभिप्राय असाही असतो.

परंतु हे सारे बहुतांशी महाराष्ट्रात, किंवा मोठ्या शहरांच्या मध्यभागी घडत होते. येलहंका हे केंपेगौडांचे गाव. वायुदलाचा तळ, १९८४ साली सुरू झालेला आगगाडीच्या चाकांचा कारखाना आणि इतर केंद्रीय आस्थापना यांच्या निमित्ताने येथे बदलीवर आलेल्या मराठी कुटुंबाला मराठी चित्रपट पाहावयाचा म्हणजे एखाद्या रविवारी सकाळी, शहराच्या दुसऱ्या टोकाला, एकच खेळ. तोही वर्तमानपत्रांत परीक्षणे येऊन गेल्यानंतर कित्येक महिन्यांनी. दिग्दर्शकाला भेटण्याची गोष्ट तर दूरच. आपल्या मताची कोणाला गरज आहे, असे वाटण्याचे कारणच नव्हते.

२०२० च्या मार्चमध्ये चित्रपटगृहांना टाळे लागले. २९ मे ते ७ जून या दहा दिवसांत जगातील वीसहून अधिक महोत्सवांनी एकत्र येऊन यूट्यूबवर विनामूल्य महोत्सव भरविला. त्यात मुंबईचा मामी महोत्सवही सहभागी होता. जानेवारी २०२१ मध्ये गोव्याचा भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव काही प्रत्यक्ष आणि काही दूरस्थ अशा मिश्र पद्धतीने पार पडला. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ला २०२० च्या सप्टेंबरात व्हेनिसला पटकथेचा पुरस्कार मिळाला होता, पण बहुसंख्य मराठी रसिकांनी तो ३० एप्रिल २०२१ नंतर, दुसऱ्या लाटेच्या धास्तीत, घरातच पाहिला. याच काळात ठरलेल्या वेळी एकाच वेळी सर्वांना चित्रपट दाखवावयाचा आणि मग दिग्दर्शकाने आपल्या घरातून प्रश्नांना उत्तरे द्यावयाची, अशा खेळांची प्रथा पडली.

असे काही खेळ आम्हीही येलहंक्याच्या घरातून पाहिले. पडद्याच्या कडेला प्रेक्षकांनी लिहिलेले शब्द उमटत. त्यांत एक गोष्ट ध्यानात येई. चित्रपटाविषयी काही लिहिण्याआधी लोक आपण कोठून पाहत आहोत ते लिहीत. कोणी सांगली, कोणी इंदूर, कोणी बडोदे, कोणी दूर परदेशातील शहर. दिग्दर्शक ती नावे मोठ्याने वाचून दाखवी. आम्ही येलहंका लिहिले तेव्हा ते नावही उच्चारले गेले, आणि घरातील मंडळींच्या चेहऱ्यावर उमटलेला आनंद चित्रपटाच्या आनंदाहून काही कमी नव्हता. प्रश्नही मनापासूनचे असत. शेवट अर्धवट का ठेवला, त्या पात्राची बोली कोणत्या भागातली, आई इतकी गप्प का. पुण्याच्या सभागृहात मागच्या रांगेत बसून जी गृहिणी हात वर करावयास धजावली नसती, ती येथे निःसंकोच विचारी.

उणिवाही होत्याच. संदेशवहनात घराघरांत काही सेकंदांचे अंतर पडे. एका घरी विनोदावर हसून झालेले असे, तेव्हा दुसऱ्या घरी पात्राने तोंडही उघडलेले नसे. सारे सभागृह एकाच क्षणी स्तब्ध होते, तो अनुभव येथे नव्हता. मधूनच ‘आवाज येत नाही’ अशी तक्रार येऊन गंभीर चर्चेचा विरस होई. म्हणून चित्रपटगृहांची जागा अशा खेळांनी घ्यावी, असे आम्ही म्हणणार नाही. दूरच्या प्रेक्षकाला मात्र त्यांनी पहिल्यांदाच पहिल्या रांगेत बसविले, हे मान्य करावयास हवे.

आता एक विनंती. ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी दोनच आज उपलब्ध आहेत, मूकपटांच्या युगातील बहुतेक चित्रे कायमची नाहीशी झाली. जेथे फिल्म टिकली नाही, तेथे प्रेक्षकांच्या बोलण्याचा काय पाड? महामारीतील त्या रात्री लिहिले गेलेले शब्दही बहुधा खेळाबरोबरच पुसले गेले असतील. आपल्या मंडळाने पन्नास वर्षांत अनेक चित्रपट दाखविले. हिशेबाच्या वह्यांत भाड्याची नोंद सापडेल. प्रेक्षकांना काय वाटले, याची सापडणे कठीण. ज्येष्ठ सभासदांनी आपल्या आठवणी आताच लिहून द्याव्यात आणि पुढील प्रत्येक खेळानंतर अभिप्रायाची वही फिरवावी. खर्च एका वहीचा आहे. शताब्दीची स्मरणिका काढणाऱ्यांना तीतून कळेल की, परमुलखात राहणारी ही माणसे आपल्या भाषेतील चित्रे पाहताना कोठे हसत होती आणि कोठे गप्प होत होती.