जुन्नरास आलेला रशियन व्यापारी

पूर्वींचे प्रवासी दूरच्या समुद्रपर्यटनास कां प्रवृत्त झाले, असा प्रश्न निघाला कीं जिज्ञासा व साहस हींच कारणें सांगण्याचा प्रघात आहे. परंतु आळंदीहून चाकण-खेडवरून उत्तरेस गेलें असतां जें जुन्नर लागतें, तेथें इ. स. १४७० च्या सुमारास पावसाळा काढणाऱ्या अफनासी निकितीन या रशियन व्यापाऱ्याची साक्ष निराळी आहे.

व्होल्गा नदीवर आस्त्राखानजवळ त्याचा माल लुटला गेला. सोबत्यांपैकीं ज्यांस स्वदेशीं देणें होतें, ते वाट फुटेल तिकडे गेले, असें तो लिहितो. पुढें इराणांतून हुर्मूज गांठून, एक घोडा घेऊन तो जहाजानें चौलास उतरला. बहामनी फौजेस अरबी घोडे समुद्रमार्गें आणावे लागत. त्यामुळें त्यांस किंमत मोठी येई. जुन्नरच्या खानानें तो घोडा हिरावून धर्मांतराची अट घातली. एका खुरासानी गृहस्थाच्या रदबदलीनें तो परत मिळाला. रशियास नेण्याजोगा माल मात्र येथें नाहीं, अशी त्याची तक्रार आहे.

परततांना तो स्मोलेन्स्क गांठण्यापूर्वींच वारला. १४७५ त त्याच्या वह्या मॉस्कोस पोंचल्या. बुडालेलें भांडवल व नफ्याची आशा, हींच त्यास समुद्रापार लोटणारीं कारणें दिसतात. अशीं कारणें दरबारी तवारिखांत क्वचितच आढळतात. तीं व्यापाऱ्याच्या वहींत सांपडतात. म्हणून जुन्या पेढ्यांच्या खतावण्या कोणी रद्दी समजून टाकूं नयेत.