जुनी गाडी एक्सचेंजला देताना तिचा खरा भाव कसा काढायचा?

शिरूरमध्ये कुणी नवी गाडी घेतली की पेढा हातात पडायच्या आधी प्रश्न येतो, "जुनीचे किती आले?" समोरचा मोठ्या अभिमानाने आकडा सांगतो आणि ऐकणारा तो डोक्यात ठेवतो. पुढे त्याची स्वतःची गाडी द्यायची वेळ आली की तोच आकडा घेऊन तो शोरूमला जातो. पण एक्सचेंजमधला आकडा एकटा काहीच सांगत नाही. तो नव्या गाडीच्या कोटेशनमध्ये बसवलेला असतो. शोरूमवाला तो हवा तेवढा फुगवू शकतो, कारण तेवढेच पैसे त्याला कोटेशनच्या दुसऱ्या ओळीतून परत घेता येतात.

म्हणून आधी तो आकडा कोटेशनमधून सुटा कसा करायचा ते बघू. मोबाइलवरच्या अ‍ॅपचं काम त्यानंतर.

एकाच शोरूमकडून दोन कोटेशन

मागच्या दिवाळीत माझ्या मामांनी गाडी बदलली. ते दौंड तालुक्यात राहतात, मी शिरूरला. दोन शोरूमची कोटेशनं त्यांनी मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली आणि विचारलं, "यातलं बरं कुठलं?" त्यांचे आकडे इथे देत नाही, हिशोबाला सोपे पडतील असे घेतो.

नवी गाडी ऑन-रोड ११,००,००० रुपये. पहिला शोरूम म्हणतो, "तुमच्या जुन्या गाडीचे ३,८०,००० देतो." दुसरा म्हणतो, "३,२५,०००." घरातले सगळे अर्थातच पहिल्याकडे वळतात.

आता आत बघा. पहिल्याच्या ३,८०,००० मध्ये कंपनीचा २०,००० चा एक्सचेंज बोनस आधीच धरलेला आहे. रोख सूट शून्य. वर अ‍ॅक्सेसरीज आणि त्यांच्याकडचाच विमा घ्यायचा, तो बाहेरपेक्षा २३,००० ने महाग. म्हणजे खिशातून जाणार ७,४३,०००. दुसरा ३,२५,००० अधिक २०,००० बोनस देतो, शिवाय ३५,००० रोख सूट, आणि विमा बाहेरून घ्यायला त्याची हरकत नाही. इथे खिशातून जाणार ७,२०,०००. जुन्या गाडीला कमी भाव देणारा शोरूम २३,००० ने स्वस्त पडला!

पण अजून जुन्या गाडीचा भाव कळलेला नाही. त्यासाठी एकच प्रश्न विचारायचा: "मी जुनी गाडी दिलीच नाही, तर हीच नवी गाडी कितीला पडेल?" आणि उत्तर लेखी घ्यायचं. समजा पहिला शोरूम एक्सचेंजशिवाय ४०,००० रोख सूट द्यायला तयार झाला. मग त्याच्याकडे गाडी १०,८३,००० ला पडते, आणि एक्सचेंजसह ७,४३,००० ला. फरक ३,४०,०००. त्याने तुमच्या गाडीला दिलेला खरा भाव हा आहे, ३,८०,००० नाही. दुसऱ्याकडे एक्सचेंजशिवाय १०,६५,०००, एक्सचेंजसह ७,२०,०००, फरक ३,४५,०००.

हा फरक हातात आला की बाहेरच्या गिऱ्हाइकाशी तुलना करता येते. बाहेर कुणी ३,७०,००० देत असेल तर बोनस सोडूनही २५,००० जास्त मिळतात. कुणी ३,५०,००० देत असेल तर पाच हजारांसाठी अनोळखी माणसांना टेस्ट ड्राइव्ह द्यायची आणि आरटीओचा पाठपुरावा करायचा का, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी तरी शोरूमलाच देईन.

दोन्ही कोटेशनमध्ये व्हेरिएंट, विमा आणि अ‍ॅक्सेसरीज तंतोतंत सारख्या हव्यात, नाहीतर फरक काढण्यात अर्थ नाही. विमा डीलरकडूनच घ्यायची सक्ती नसते, तो कुठूनही घेता येतो.

अ‍ॅपमधला भाव कुठून येतो?

कार्स२४, स्पिनी, कारदेखो, ऑरेंज बुक व्हॅल्यू यांच्यावर मॉडेल, साल आणि किलोमीटर टाकले की आकडा येतो. आधी विकल्या गेलेल्या किंवा विकायला लावलेल्या गाड्यांच्या नोंदींवरून काढलेला हा अंदाज असतो. तो मॉडेल, व्हेरिएंट, इंधन, साल, किलोमीटर, कितवा मालक आणि शहर यावर चालतो. तुमच्या गाडीचा डावा दरवाजा उसाच्या ट्रॉलीने घासलाय हे त्याला माहीत नसतं. म्हणून आकडा एक न येता "अमुक ते तमुक" असा पट्टा येतो, आणि माणूस प्रत्यक्ष गाडी बघून गेला की ऑफर बहुतेक वेळा पट्ट्याच्या खालच्या टोकाला सरकते.

आपल्याकडची अडचण वेगळी आहे. शहराच्या जागी आपण 'पुणे' निवडतो, पण शिरूर पुण्यापासून सुमारे ७० किलोमीटरवर आणि दौंड सुमारे ८० वर. पुण्यात छोटी ऑटोमॅटिक पेट्रोल गाडी पटकन जाते. आपल्याकडे शेतावर जाणारा, लग्नसराईत सात माणसं बसवणारा गिऱ्हाईक वेगळं मागतो. बोलेरो, अर्टिगा, सीएनजी डिझायर अशा गाड्यांना इथे पुण्याइतकीच, कधी त्याहून जास्त मागणी असते. दौंडकडे उसाची बिलं खात्यावर आली की गाड्यांची चौकशी वाढते, हे तिथला कुठलाही दलाल सांगेल. असा हंगाम अ‍ॅपच्या हिशोबात धरलेला असेलच असं नाही.

मी काय करतो ते सांगतो. ओएलएक्स आणि फेसबुक मार्केटप्लेसवर तेच मॉडेल, तेच इंधन, एक वर्ष पुढे-मागे, एमएच-१२, एमएच-१४ आणि एमएच-४२ पासिंगच्या दहा जाहिराती काढतो. सगळ्यात महाग दोन आणि सगळ्यात स्वस्त दोन सोडून देतो. महिनाभर पडून असलेल्याही सोडतो, कारण तो भाव कुणी दिलेला नाही. उरलेल्यांतला मधला आकडा घेऊन त्यातून साधारण दहा टक्के वजा करतो. जाहिरातीत लिहिलेला भाव मागणाऱ्याचा असतो, घासाघीस त्यानंतर होते. दहा टक्के ही माझी सवय आहे, शास्त्र नाही. दलाल किंवा शोरूम याहून आणखी खाली येणार, कारण त्याला गाडी दुरुस्त करून, काही दिवस सांभाळून पुन्हा विकायची असते.

जाहिरातीची तारीख नीट बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. म्हणजे चार मीटरच्या आतल्या, पेट्रोल १२०० सीसी आणि डिझेल १५०० सीसीपर्यंतच्या गाड्या. त्याआधी २८ टक्के आणि वर सेस होता. नवी गाडीच स्वस्त झाली की त्याच मॉडेलच्या जुन्या गाडीचा भावही खाली ओढला जातो. त्यामुळे त्याआधीच्या जाहिराती किंवा मित्राला तेव्हा मिळालेला भाव आता धरू नका.

'आयडीव्ही एवढी आहे, मग तेवढे तरी द्या' हा वाद शोरूममध्ये नेहमी ऐकू येतो. आयडीव्ही ही गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर विमा कंपनी देणार ती कमाल रक्कम. तिचा घसारा ठरावीक तक्त्याने चालत आला आहे: तीन ते चार वर्षांच्या गाडीला ४० टक्के, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. पाच वर्षांनंतर कंपनी आणि मालक मिळून ठरवतात. त्या तक्त्यात वॅगन आर आणि बंद पडलेल्या ब्रँडची गाडी एकाच ओळीत बसतात. बाजारात तसं होत नाही.

रांजणगावचं इंजिन

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच तालुक्यात आहे. रांजणगाव एमआयडीसीत फियाटचा कारखाना आहे. २००७ मध्ये टाटा मोटर्स त्यात भागीदार झाली आणि २००९ मध्ये इथल्या लिनिया आणि ग्रँडे पुंटो बाजारात आल्या. त्यांतलं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन एवढ्या कंपन्यांनी वापरलं की गाडीवाले त्याला गमतीने 'राष्ट्रीय इंजिन' म्हणायचे. टाटाच्या व्हिस्टात ते क्वाड्राजेट होतं, मारुतीच्या स्विफ्टमध्ये डीडीआयएस.

म्हणजे इंजिन एकाच घराण्याचं. पुंटोचा पत्रा जाड, रस्त्यावरची पकड चांगली, हे आजही लोक मान्य करतात. तरी त्याच सालची स्विफ्ट आणि पुंटो शेजारी उभ्या करा, स्विफ्टला जास्त भाव येणार. फियाट ब्रँडच्या गाड्यांची विक्री २०१९ पर्यंत देशात थांबली. कारखाना चालू राहिला, २०१७ पासून तिथे जीप कंपास बनते. पण पुंटो विकत घेणारा पुढचा माणूस विचार करतो की पार्ट कुठे मिळणार आणि उद्या माझ्याकडून ही गाडी घेणार कोण. शेवरोलेचंही तेच झालं. तळेगावला कारखाना असूनही कंपनीने २०१७ अखेर भारतातली विक्री बंद केली. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. गाडी तीच, पण भाव रातोरात बदलला.

तुमच्याकडे अशी गाडी असेल तर मोठ्या शोरूमपेक्षा त्या गाड्यांचं काम करणारा गॅरेजवाला जास्त भाव देऊ शकतो. त्याला पार्टची भीती नसते.

गाडी बघायला येणारा माणूस काय बघतो

सगळ्यात आधी तो नंबर टाकून एमपरिवहन किंवा वाहन पोर्टल उघडतो. तुम्ही ते त्याच्या आधी उघडा. नोंदणीची तारीख, कितवा मालक, विमा, पीयूसी आणि बँकेचा बोजा तिथे दिसतो. कर्ज फेडून तीन वर्षं झाली तरी आरसीवर बँकेचं नाव तसंच, हे आपल्याकडे फार दिसतं. हप्ते संपले म्हणून बोजा आपोआप निघत नाही. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ द्यावा लागतो. हे राहिलं असेल तर समोरचा त्याच मुद्द्यावर भाव पाडतो, आणि काम मात्र तुम्हालाच करावं लागतं. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी नंबरप्लेट बसवली आहे का, हेही तो बघणार.

मग तो टायरकडे वळतो. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. मीटरवर ३५,००० किलोमीटर आणि सात वर्षांच्या गाडीला दुसऱ्यांदा बदललेले टायर असतील तर त्याला शंका येणारच. मीटर मागे घेतलेला नाही हे दाखवायला सर्व्हिसची बिलं उपयोगी पडतात. प्रत्येक बिलावर तारीख आणि किलोमीटर असतात. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडी जात असेल तर कंपनीच्या अ‍ॅपमध्येही ही नोंद सहसा मिळते, तिचे स्क्रीनशॉट काढून ठेवा.

रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र त्याच्याकडे असतं. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा. एका दरवाज्यावर आकडा दुप्पट आला तर तिथे पुन्हा रंग झालाय. म्हणून गाडी विकायच्या आधी डेंट-पेंट करू नका. त्या खर्चाएवढा भाव वाढत नाही, उलट 'अ‍ॅक्सिडेंटल आहे का?' हा प्रश्न उभा राहतो. साधं वॉशिंग आणि आतली सफाई पुरे. इंजिनचा दिवा पेटलेला असेल तर मात्र आधी बघून घ्या. ओबीडी पोर्टला लावायचं ब्लूटूथ स्कॅनर स्वस्तात मिळतं आणि मोबाइलवर एरर कोड दाखवतं. कधी शे-दोनशेच्या सेन्सरच्या वायरसाठी समोरचा वीस हजार कापून मोकळा होतो.

जुन्या गाडीवर १८ टक्के जीएसटी तुमच्याकडून कापतोय असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. तो कर जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने, खरेदी आणि विक्रीतल्या फरकावर भरायचा असतो.

नो क्लेम बोनस तुमचा

हे बरेच जण शोरूमलाच देऊन टाकतात. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर ओन डॅमेज प्रीमियमवर ५० टक्के सूट मिळते. ती सूट गाडीची नसते, मालकाची असते. जुनी गाडी दिल्यावर विमा कंपनीकडून एनसीबीचा दाखला घ्या, तो तीन वर्षं चालतो. नव्या गाडीचा ओन डॅमेज प्रीमियम २०,००० असेल तर सरळ १०,००० वाचतात. शोरूमच्या कोटेशनमध्ये ही सूट धरली आहे का, हे वरच्या हिशोबातच तपासा.

चावी दिल्यानंतर

आमच्या एका नातेवाइकांनी काही वर्षांपूर्वी एका दलालाला गाडी दिली, पैसे मिळाले, विषय संपला असं त्यांना वाटलं. महिनाभराने पाटसच्या टोलनाक्यावर फास्टॅगमधून पैसे कापल्याचे मेसेज यायला लागले. मग ई-चलन आलं. गाडी कुठे आहे, कोण चालवतोय, काहीच पत्ता नाही. आरसीवर नाव मात्र यांचंच.

पैशांपेक्षा मोठा धोका अपघाताचा. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सांगितलं, की गाडी पुढे कितीही हातांत गेली तरी ज्याचं नाव नोंदणीत आहे तोच भरपाईला जबाबदार. विकणाऱ्याने गाडी अपघाताच्या आधीच विकलेली होती.

१ एप्रिल २०२३ पासून यावर एक सोय झाली आहे. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला आरटीओकडून अधिकृत परवाना घ्यावा लागतो. तुम्ही गाडी दिल्याची माहिती फॉर्म २९सी ने पोर्टलवर गेली की तो व्यापारी त्या गाडीचा मानीव मालक होतो. गाडी देताना त्याचा परवाना बघायला मागा आणि २९सी ची पोचपावती घेतल्याशिवाय चावी देऊ नका. थेट ओळखीच्या माणसाला विकत असाल तर फॉर्म २९ आणि ३०. शिरूरची गाडी एमएच-१२ ची आणि दौंडचा घेणारा एमएच-४२ च्या हद्दीतला असेल तर फॉर्म २८ ची एनओसीही लागू शकते. राज्य तेच असल्याने नंबर बदलत नाही.

फास्टॅग त्याच दिवशी बँकेच्या अ‍ॅपमधून बंद करा आणि गाडी दिल्याच्या पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहून घ्या. मग दर आठवड्याला एमपरिवहनवर नंबर टाकून बघत राहा. मालकाचं नाव बदललं की स्क्रीनशॉट काढा, एनसीबीचा दाखला मागताना गाडी विकल्याचा पुरावा म्हणून पावतीबरोबर तोही जोडता येतो.