आरमाराविना राज्य : तंजावूरचा धडा

दि. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे 'आयएनएस विक्रांत' ही भारतात बांधलेली पहिली विमानवाहू युद्धनौका नौदलात दाखल झाली. लांबी २६२ मीटर, वजन सुमारे ४५ हजार टन. त्याच समारंभात नौदलाच्या ध्वजावरील सेंट जॉर्जचा क्रॉस गेला आणि शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. आम्हा तंजावूरकर मराठी मंडळींना याचा अभिमान वाटणे साहजिकच आहे. परंतु त्याबरोबर एक प्रश्न मला सतत पडतो. शिवरायांनी कोकणात आरमार उभारले. त्यांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी इथे जे राज्य स्थापले, त्याच्या पदरी मात्र परकीयांना तोंड देईल असे आरमार कधीच का उभे राहिले नाही?

वास्तविक या भूमीला समुद्र नवा नव्हता. राजेंद्र चोळाने सन १०२५ च्या सुमारास श्रीविजयावर आरमारी मोहीम काढली. तिची नोंद आपल्या बृहदीश्वर मंदिराच्या शिलालेखात आहे. मराठे आले तेव्हा मात्र किनारा परक्यांच्या हाती जाऊ लागला होता. तरंगंबाडीस १६२० पासून डेन्मार्कवाले, नागपट्टणास १६५८ पासून डच. पुढे १७३९ मध्ये कारैकाल फ्रेंचांकडे गेले. १७४९ मध्ये पदच्युत राजाला गादी मिळवून देण्याच्या निमित्ताने इंग्रज आले, त्यांनी देवीकोट्टै घेतले आणि ते पदरात पडताच त्या राजाचा पक्ष सोडून प्रतापसिंह महाराजांशी तह केला!

यातून राज्याचे काय झाले, हे १७५८ च्या वेढ्यावरून कळते. फ्रेंच सेनापती लाली जुन्या कर्जरोख्याच्या पैशांसाठी तंजावूरवर चालून आला. आपल्या लोकांनी किल्ला शर्थीने लढवला, यात शंका नाही. फ्रेंचांची दारूही संपत आली होती. पण त्याच सुमारास, ३ ऑगस्टला, नागपट्टणजवळच्या समुद्रात इंग्रज व फ्रेंच आरमारांची लढाई झाली आणि फ्रेंच जहाजांना माघार घ्यावी लागली. पुढे इंग्रजी जहाजे कारैकालसमोर आल्याची बातमी येताच लालीने वेढा उठवला. म्हणजे तंजावूर वाचले, त्यात मोठा वाटा समुद्रावरच्या त्या लढाईचा होता, आणि तीत आपले एकही जहाज नव्हते. दुसऱ्याच्या आरमाराने राखलेले राज्य दुसऱ्याचेच होते. १७९९ च्या तहाने कारभार कंपनीकडे गेला.

सरफोजी महाराजांची विद्वत्ता, त्यांनी वाढवलेले सरस्वती महाल ग्रंथालय यांबद्दल आपण नेहमी वाचतो. त्यांनीच १८१४-१५ च्या सुमारास मल्लिपट्टणम्‌जवळ समुद्रकाठी आठ मजली मनोरा बांधला. कशासाठी? इंग्रजांनी नेपोलियनला नमवले म्हणून! मला यात महाराजांना दोष द्यायचा नाही. राज्य गेलेल्या राजाला दुसरे काय करता येणार होते? पण समुद्राकडे तोंड करून उभी असलेली आपली ही वास्तू दुसऱ्याच्या विजयाची आठवण सांगते, हे विसरून चालणार नाही.

आज चित्र पालटले आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये, म्हणजे 'विक्रांत' दाखल होण्याच्या थोडेच दिवस आधी, 'युआन वांग ५' हे चिनी जहाज श्रीलंकेतील हंबनटोटा बंदरात येऊन गेले. भारताने आपली चिंता बोलून दाखवली होती. हिंदी महासागरात पुन्हा मोठ्या सत्तांची चढाओढ लागली आहे. मात्र या वेळी तंजावूर नुसते बघे नाही. २० जानेवारी २०२० रोजी येथील हवाई तळावर सुखोई विमानांची २२२ वी तुकडी दाखल झाली. या विमानांवरचे ब्राह्मोस क्षेपणास्त्र समुद्रातील युद्धनौकेचा दुरूनच वेध घेऊ शकते.

युद्ध कोणालाच नको. पण आपला किनारा आपणच राखला नाही, तर तो राखायला येणारा त्याची किंमत वसूल करतो. तरुण मंडळींनी सहलीला मनोऱ्यावर जरूर जावे. मात्र तेथील शिलालेख वाचल्याशिवाय परतू नये.