पाहिलें तें सांगणारा

कौरवांचें मीठ खाणाऱ्या संजयानें आंधळ्या राजाला त्याच्याच पुत्रांचा पराभव जसाच्या तसा सांगितला. धन्याच्या पदरीं राहून सत्य बोलण्याची ही विद्या किती कठीण आहे, हें अमेरिकेंतील बेसबॉलच्या खेळाचा नभोवाणीवरील निवेदक रेड बार्बर ह्याच्या चरित्रावरून आमच्या वाचकांस दिसून येईल.

बार्बर १९०८ सालीं मिसिसिपी संस्थानांत जन्मला व फ्लोरिडांत वाढला. १९३४ सालीं सिनसिनाटीच्या संघाचे सामने सांगण्याचें काम त्याला मिळालें. आणि त्यानें वर्णिलेला पहिला मोठा सामना हाच त्यानें जन्मांत पाहिलेला पहिला मोठा सामना होता! खेळ घरबसल्या ऐकूं आला तर तिकिटें कोण घेणार, ह्या भीतीनें न्यूयॉर्कच्या तिन्ही संघांनीं करार करून १९३८ पर्यंत नभोवाणी दूर ठेविली होती. १९३९ सालीं ब्रुकलिनच्या डॉजर्स संघानें ती रीत मोडून बार्बरला बोलाविलें. तो जवळ तीन मिनिटांचें वाळूचें घड्याळ ठेवी. वाळू सरली कीं गुणसंख्या सांगे व घड्याळ उलटें करी.

त्याची खरी कसोटी १९४५ सालीं लागली. संघाचे चालक ब्रँच रिकी ह्यांनीं, आपण एक कृष्णवर्णीय खेळाडू घेणार आहों, असें त्याला विश्वासानें सांगितलें. दक्षिणी संस्कारांचा बार्बर हादरला. नोकरी सोडतों, असें त्यानें घरीं पत्नीस सांगितलें. तिनें घाई करूं दिली नाहीं. मग त्याला उमगलें कीं, गोऱ्या घरांत जन्मण्यांत आपलें कर्तृत्व तें काय? घडेल तें सांगावें, मत देऊं नये, हा न्यायमूर्ति लँडिस ह्यांनीं १९३५ सालीं निवेदकांस केलेला उपदेशही त्याला आठवला. १९४७ सालीं जॅकी रॉबिन्सन मैदानांत उतरला, तेव्हां बार्बरनें इतरांप्रमाणेंच त्याचाही खेळ सांगितला. कमी नाहीं, अधिक नाहीं. तटस्थता हा कित्येकदां भ्याडपणाचा बुरखा असतो. परंतु जेथें बरोबरीच नाकारली जात होती, तेथें बरोबरीनें उच्चारलेलें नांव हाही न्यायच होता, असें आम्हांस वाटतें.

१९५४ पासून तो यांकी संघाकडे होता. २२ सप्टेंबर १९६६ रोजीं त्या संघाच्या अवाढव्य मैदानांत प्रेक्षक आले अवघे ४१३! रिकाम्या बाकांकडे दूरचित्रवाणीचा कॅमेरा वळवा, हें बार्बरचें म्हणणें कोणीं ऐकलें नाहीं. तेव्हां, आजची खरी बातमी खेळ नसून हा विरळ प्रेक्षकवर्गच होय, असें त्यानें तोंडानेंच सांगून टाकलें. थोड्याच दिवसांत त्याचा करार पुढें चालणार नसल्याचें त्याला कळविण्यांत आलें.

१९७८ सालीं फोर्ड फ्रिक पुरस्कार प्रथमच दिला गेला, तो बार्बर व मेल ॲलन ह्या दोघांस. १९९२ सालीं बार्बर वारला. नभोवाणी ऐकणारा धृतराष्ट्रासारखा आंधळाच असतो. सांगणाऱ्याच्या डोळ्यांवर त्याचा सारा भरंवसा. तो भरंवसा बार्बरनें पगारासाठीं मोडला नाहीं.